पहिलं स्वयंपाकघर : एका उशिरा शिकलेल्या माणसाचे चार शब्द

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना थोडं भरून काढलं आहे.)



सचिवांनी मला फोन केला तेव्हा त्यांना वाटलं होतं की मी ठेवींवरचं व्याज, वारस नोंदणी किंवा मृत्युपत्र यांवर बोलेन. निवृत्त बँक अधिकारी म्हटल्यावर माणसं तेच मागतात. मी त्यांना म्हटलं, "विषय मी निवडणार." त्यांनी विचारलं, "कोणता?" मी म्हटलं, "स्वयंपाकघर." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "काका, वहिनींना पण स्टेजवर बोलवायचं का?" मी म्हटलं, "नको. ती पहिल्या रांगेत बसेल आणि चुकलं तिथे मला थांबवेल."

ती बसली आहे. तुम्ही बघताच आहात.

माझं वय सत्त्याहत्तर. आज सकाळचे पोहे मी केले. काल रात्रीची मुगाची खिचडी मी केली. पण २०१७ सालापर्यंत मला घरातलं मीठ कुठल्या डब्यात असतं हे ठाऊक नव्हतं. एकोणसत्तर वर्षांचा होईपर्यंत. कुठल्या खातेदाराचं कर्ज किती थकलं आहे हे तोंडपाठ असणाऱ्या माणसाला घरातलं मीठ माहीत नसावं, ही भूषणाची गोष्ट नाही. म्हणून आजचं भाषण उपदेश म्हणून घेऊ नका, कबुली म्हणून घ्या. आणि समोर जी पंचवीस-तीस तरुण मुलं-मुली बसली आहेत, त्यातली बरीच उद्या पुण्याला, बंगळुरूला, परदेशात जाऊन पहिलं बिऱ्हाड मांडतील. त्यांना उपयोग झाला तर बरंच.

महाडचं बिऱ्हाड

तसं पाहिलं तर माझं पहिलं स्वयंपाकघर १९७३ सालचं. बँकेत लागून तीन वर्षं झाली होती, लग्न व्हायचं होतं आणि बदली झाली महाडला. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली आलं. आदल्या वर्षीचा मोठा दुष्काळ राज्याने भोगलेला होता. रेशनवर मिलो मिळायचा, साखर आणि रॉकेल मोजून. एकट्या माणसाकडे रेशनकार्ड नाही, त्यामुळे रॉकेलसाठी घरमालकांच्या विनवण्या.

पहिला पगार हातात आल्यावर मी बाजारात गेलो आणि भांडेवाल्याला म्हटलं, "एका माणसाचं सगळं द्या." तो मनापासून खूश झाला. एकात एक बसणारी अॅल्युमिनियमची पाच पातेली, मोठी कढई, झारा, चाळण, पुरण यंत्र आणि शेवेचा सोऱ्या! हो, सोऱ्या. "दिवाळीला लागेल साहेब," म्हणाला. पंपाचा पितळी स्टोव्ह घेतला, पिन घेतली, स्पिरिटची बाटली घेतली. रिक्षा नव्हती, हातगाडीवरून वरात आणली.

संध्याकाळी भात लावला. भात शिजला, उतरवायची वेळ झाली आणि लक्षात आलं की सांडशी घेतलेलीच नाही. झाकणंही नव्हती. खिशातला रुमाल काढला, दुमडला, पातेलं धरलं, आणि रुमाल ओला होता. ओल्या फडक्यातून चटका कोरड्यापेक्षा लवकर लागतो हे मला त्या क्षणी समजलं. पातेलं सुटलं, निम्मा भात जमिनीवर आणि उरलेला माझ्या पायावर. आठ दिवस चप्पल घालता आली नाही. मॅनेजरसाहेबांनी विचारलं तर "गाडीवरून पडलो" असं सांगितलं. माझ्याकडे गाडी नव्हती.

त्यानंतर मी खानावळीत जेवू लागलो. बदली झाली तेव्हा सगळा सेट आमच्या शाखेतल्या शिपायाच्या घरी दिला. सोऱ्या कोराच होता.

त्यातून धडा काय? मी दुकानातून सुरुवात केली, ताटातून केली नाही. पहिलं स्वयंपाकघर मांडताना "काय काय मिळतं" हे विचारायचं नाही, "मी या महिन्यात काय खाणार" हे विचारायचं. कागदावर पाच पदार्थ लिहा. माझे पाच सांगतो : चहा, पोहे, वरण-भात, मुगाची खिचडी आणि बटाट्याची किंवा पालेभाजी. आता प्रत्येकापुढे लिहा, त्याला कोणतं भांडं लागतं. यादी आपोआप एका पानात बसते. ज्या वस्तूपुढे पदार्थ नाही ती वस्तू आणायची नाही.

रुचिरा आणि वाटी

महाडला असताना माझ्याकडे एक पुस्तक मात्र होतं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि त्या काळात घरोघरी पोचलं. मीही एक प्रत घेतली. त्यात वाटीचं, चमच्याचं माप दिलेलं. मी अडलो ते वाटीवर. माझ्याकडे तीन वाट्या, तिन्ही वेगळ्या. कोणती खरी? बँकेतला माणूस मी, मला वजन-मापाचा दाखला हवा!

पुष्कळ वर्षांनी हिने एका वाक्यात सोडवलं. "अहो, कुठलीही एक धरा. तीच तांदळाला, तीच पाण्याला." म्हणजे माप महत्त्वाचं नाही, प्रमाण महत्त्वाचं. तांदूळ एक वाटी तर पाणी दोन-अडीच वाटी. वाटी लहान घेतलीत तर भात कमी होईल, बिघडणार नाही. म्हणून मुलांनो, पहिल्याच दिवशी एक वाटी ठरवा आणि ती घरात दुसऱ्या कामाला वापरू नका. आमच्या घरी त्या वाटीवर १९७४ सालची तारीख आणि हिच्या मामाचं नाव कोरलेलं आहे. लग्नात भांडी द्यायची तर नाव कोरूनच द्यायची, ही आपली जुनी रीत. तिचा एक फायदा असा, की पन्नास वर्षांनंतरही वाटी हरवली तरी घरी परत येते.

पाट

आता जे सांगायला उठलो ते सांगतो.

२००० साली आपण सगळे इथे राहायला आलो. आठवतं ना? रस्ता धड नव्हता, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आठवड्यातून दोन वेळा टँकर. फ्लॅटचा ताबा घेताना मी बिल्डरशी कशावरून भांडलो? हॉलच्या फरशीवरून, खिडकीच्या ग्रिलवरून आणि पार्किंगवरून. ओट्याकडे मी पाहिलं नाही. बिल्डरने सगळ्यांना एकाच उंचीचा ओटा दिला होता. चौतीस इंच.

आमच्या हिची उंची चार फूट दहा इंच. ती एकदाच म्हणाली, "ओटा जरा उंच वाटतो हो." मी म्हटलं, "सवय होईल." तिने सवय केली. कशी? जेवायला बसायचा एक लाकडी पाट तिने ओट्यासमोर टाकला आणि त्यावर उभी राहून ती स्वयंपाक करू लागली. सतरा वर्षं. रविवारी मी झाडू मारायचो, तेव्हा तो पाट उचलून बाजूला ठेवायचो आणि परत जागेवर ठेवायचो. सतरा वर्षांत किती रविवार होतात तुम्हीच मोजा. एकदाही मी विचारलं नाही की हा पाट इथे का आहे.

जुलै २०१७. पावसाचे दिवस, फरशी दमट. कुकर उतरवताना पाट सरकला. खुब्याचं हाड मोडलं.

शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि सांगितलं, तीन महिने स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही. मुलगा आणि सूनबाई नाशिकहून आले, पंधरा दिवस राहिले. पण त्यांची नोकरी, नातीची शाळा. मुलगा म्हणाला, "बाबा, डबा लावू या." डबा लावला. तिखट, तेलकट, हिला दोन घासांपुढे जाईना. औषधं मात्र दिवसातून तीन वेळा, आणि तीही जेवणानंतर. चौथ्या दिवशी मी डबेवाल्याला नको म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेलो.

भिंतीपलीकडचा आवाज

आमची झोपायची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. ती पलंगावर पडलेली, मी ओट्यासमोर. तिथून ती मला शिकवायची. डोळ्यांनी नव्हे, कानांनी.

"अहो, तेल अजून तापलं नाही. मोहरी टाकलीत ती तडतडली नाही."

"आता जिरं टाका. गॅस बारीक करा, मगच हिंग-हळद. जळेल."

"झाकण ठेवलंत का? आवाज मोकळा येतोय."

पहिल्या दिवशी कुकर लावला. तांदळाच्या डब्यात पाणी घातलं, डाळीच्या डब्यात घातलं, डबे आत ठेवले, झाकण लावलं. दहा मिनिटं झाली, शिटी नाही. पलीकडून आवाज आला, "वास येतोय. खाली कुकरमध्ये पाणी घातलंत का?" खाली? खाली कशाला, डब्यांत घातलंय ना! तेवढ्यात फस्स झालं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. घाबरून मी गॅस बंद केला. ती तिकडे हसत होती. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा.

तो व्हॉल्व्ह उडाला हे चांगलंच झालं, त्याचं कामच ते. त्यातला धातू ठरावीक उष्णतेला वितळतो आणि वाफेला वाट देतो. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी शंभरऐवजी साधारण एकशेवीस अंशांला उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण दाब म्हणजे दाब. त्यामुळे कुकरचे चार नियम मी आज इथे वाचून दाखवतो, ते कापून ठेवा : तळाला पाणी घालायचंच. कुकर कधी दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही, आणि डाळ-तांदूळ थेट शिजवायचे तर निम्म्यापेक्षा जास्त नाही, कारण ते फुगतात, फेसाळतात. झाकण लावण्याआधी शिटीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघायची. आणि वाफ आपणहून जिरेपर्यंत झाकणाशी मारामारी करायची नाही. रबरी गास्केट सैल झालं की बदलायचं. नवीन व्हॉल्व्ह आणि गास्केट आपल्या बाजारात कुठल्याही भांड्याच्या दुकानात मिळतं, पण आपल्या कंपनीचं आणि आपल्या मापाचंच घ्यायचं.

दुसरा घोळ डब्यांचा. घरात पस्तीस डबे, एकावरही नाव नाही. बोर्नव्हिटाच्या डब्यात तूरडाळ, बिस्किटांच्या डब्यात शेंगदाणे, आणि हिचं उत्तर, "तिसऱ्या फळीवर डावीकडून दुसरा." मी एक वही केली, डब्यांना क्रमांक दिले, चिठ्ठ्या चिकटवल्या. सात क्रमांकावर "मैदा" लिहिलं. ती तांदळाची पिठी होती. तिचे मी मोदक होतात का शंकरपाळे, ते विचारू नका.

तीन महिन्यांत मी वरण-भात, चार भाज्या, खिचडी, पोहे, उपमा आणि बेसनाचं पिठलं शिकलो. पोळ्या जमल्या नाहीत, अजून जमत नाहीत. आपल्या गेटाबाहेर पोळी-भाजी केंद्र आहे, तिथून आणतो. यात कमीपणा नाही. शिकताना सगळं एकदम अंगावर घेतलं तर माणूस महाडसारखा खानावळीत जातो.

मग यादी

गेल्या जूनमध्ये आमची नात हिंजवडीला नोकरीला लागली. दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला. तिचा फोन आला, "आबा, आजी म्हणते यादी तुम्हालाच विचार." पन्नास वर्षांच्या संसारात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रमोशन. तिला दिलेली यादी थोडक्यात सांगतो.

कुकर एक, तीन लिटरचा, आतल्या डब्यांसह. तीन मुलींना पुरतो. जाड बुडाची कढई एक. लोखंडी तवा एक. पातेली दोन, झाकणांसकट. झाकणं विसरायची नाहीत! चहाचं लहान पातेलं, गाळणं. सांडशी, चिमटा, उलथणं, डाव, फोडणीची कढली. चाळण, किसणी, परात नाही तरी एक मोठं ताट. आणि मिसळणाचा डबा : मोहरी, जिरं, हळद, हिंग, लाल तिखट, मेथीचे दाणे आणि सातव्या वाटीत गोडा मसाला. हा डबा हातापाशी आला की फोडणी करता येते, आणि फोडणी आली की निम्मा मराठी स्वयंपाक आला. गॅस सोडून एवढं सगळं सहा हजारांच्या आत बसलं, पावत्या माझ्याकडे आहेत.

सुरी. यावर दोन शब्द. आमच्या घरी विळी होती, आणि विळीवर खाली बसायला माझे गुडघे तयार नव्हते. म्हणून सुरी आणि लाकडी फळी घेतली. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत दुमडा, फळीखाली ओलं फडकं घाला म्हणजे ती सरकत नाही. सरकणाऱ्या वस्तूंबद्दल मी आता फार काळजी घेतो.

लोखंडी तवा-कढई नवी आणली की घासून, पुसून, तापवून तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. असं तीन-चार वेळा केलं की तो काळा, गुळगुळीत होतो आणि चिकटत नाही. धुऊन ओला ठेवला तर आपल्या पनवेलच्या पावसात दुसऱ्या दिवशी गंज. लोखंडी कढईत आमटी, चिंच-आमसुलाचं काही करून तसंच ठेवायचं नाही, काळं पडतं. नॉनस्टिक घेतलंत तर हरकत नाही, पण रिकामं तापत ठेवायचं नाही आणि त्याला लोखंडी उलथणं लावायचं नाही. इंडक्शनची शेगडी असेल तर भांडी घ्यायला जाताना खिशात लोहचुंबक न्या. बुडाला चिकटलं तर चालेल, नाहीतर नाही.

नातीला पुण्यात तांबट आळीतलं तांब्याचं भांडं फार आवडलं. मी म्हटलं, पाण्यासाठी घे. स्वयंपाकासाठी तांब्या-पितळेला आतून कल्हई लागते, म्हणजे कथलाचा मुलामा. नाहीतर ताक, टोमॅटो, चिंच असलं आंबट त्यात कळकतं. पूर्वी कल्हईवाला दारात यायचा, भाता लावायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा आणि कापसाच्या बोळ्याने तो भांडं चंदेरी करायचा. आमच्या वयाच्या लोकांना तो वास आत्तासुद्धा आला असेल. आता तो दारात येत नाही, म्हणून ते भांडंही सुरुवातीला नको.

मिक्सर? पहिल्या महिन्यात नको, हे मी नातीला सांगितलं. हिने फोन हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "घे गं. पहिल्या पगारात घे." त्यामागे इतिहास आहे. १९८२ साली हिने मिक्सर मागितला. मी म्हटलं, एक मुदत ठेव पिकते आहे, ती पिकली की बघू. ठेव पिकली १९८४ साली. तोपर्यंत दोन वर्षं ही पाट्यावर वाटत होती, पाच माणसांचं. मी रोज लोकांच्या ट्रॅक्टरना, पिठाच्या गिरण्यांना, शिलाई मशिनना कर्ज मंजूर करत होतो. कारण काय लिहायचो? "अर्जदाराचे श्रम वाचून उत्पन्नक्षमता वाढेल." घरातल्या अर्जदाराचा अर्ज मात्र दोन वर्षं पडून होता. तिने त्यावर व्याज लावलं नाही, हे तिचं मोठेपण.

किराणा थोडा भरा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की मिठाला पाणी सुटतं आणि रव्यात जाळी धरते. रवा आणल्यावर कोरडा भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मिरची गल्लीतून वर्षाचा मसाला भरणं हे अनुभवी माणसाचं काम आहे, नवशिक्याने पाव-पाव किलो आणावं.

गॅसबद्दल मात्र थट्टा नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर नेहमी उभा, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. वास आला तर दिव्याचं, पंख्याचं कुठलंही बटण दाबायचं नाही, ना चालू ना बंद. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा. रबरी नळी आयएसआय छापाची घ्या आणि तिच्यावरची मुदत बघून बदला. आपल्या काही घरांत आता नळाचा गॅस आला आहे. तो उलट हवेपेक्षा हलका, वर चढतो, म्हणून वरची झडप किंवा खिडकी कपाट लावून बुजवू नका. रात्री झोपताना गॅस बंद आहे ना हे बघणारा घरात एक माणूस ठरवा. "तू बघितलंस ना?" "मला वाटलं तू," असं नको.

आणि यादीतली पहिली ओळ मी शेवटी सांगतो, कारण ती मलाच शेवटी कळली. कुकर, कढई, तवा घेण्याआधी ओट्यासमोर सरळ उभे राहा. कोपरातून हात काटकोनात दुमडा. ओटा कोपरापेक्षा साधारण चार ते सहा इंच खाली हवा. त्यापेक्षा उंच असेल तर खांदे दुखतात, खाली असेल तर कंबर. जड भांडी खांद्याच्या वर ठेवायची नाहीत. रोजच्या वस्तू गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात. आणि पायाखाली कधीही हलणारी वस्तू नाही. स्वयंपाकघर आधी माणसाच्या मापाचं हवं, भांडी मागाहून.

आम्ही ऑपरेशननंतर ओटा फोडला. निम्मा एकतीस इंचांवर आणला, निम्मा होता तसाच ठेवला. खालचा तिचा, वरचा माझा. गवंडी म्हणाला, "काका, दिसायला बरं नाही दिसणार." मी म्हटलं, "सतरा वर्षं दिसायला बरंच होतं." पाट मी टाकून दिला नाही. देवघरासमोर ठेवला आहे. रोज सकाळी त्यावर बसतो आणि मला आठवायचं ते आठवतं.

एक ठराव

नातीचा आठवड्याभराने रात्री फोन आला. खिचडी लावली होती. "आबा, शिटीच होत नाही." मी म्हटलं, "फोन कुकरजवळ धर." धरला. मी ऐकलं. शिटीची नळी गप्प होती आणि बाजूने बारीक फुस्स असा आवाज येत होता. मी म्हटलं, "गॅस बंद कर. वाफ जिरू दे. झाकण काढ आणि गास्केट नीट बसव, एका बाजूने वर आलंय." वीस मिनिटांनी परत फोन : "आबा, तुम्हाला कसं कळलं?" मी शेजारी बघितलं. ही वाटाणे सोलत होती. म्हणाली, "वाफ जिरू दे आधी सांगितलंत, ते बरं केलंत."

आता समिती माझ्याकडे बघते आहे, वेळ झाली. जाता जाता वार्षिक सभेसारखा एक ठराव मांडतो.

बँकेच्या भाषेत जे कर्ज उत्पन्न देत नाही त्याला एनपीए म्हणतात. आपल्या प्रत्येकाच्या माळ्यावर असे एनपीए आहेत. लग्नात आलेली तीन-तीन पातेली, दुसरा कुकर, खोक्यातून न काढलेले डबे, माझ्या सोऱ्याची भावंडं. दुसरीकडे, आपल्या चार विंगमध्ये दरवर्षी पाच-सहा भाडेकरू मुलं येतात, नवी जोडपी येतात, आणि आपलीही मुलं बाहेर जातात. त्यांना ऑफिसच्या मागच्या खोलीत एक कपाट करून द्यावं. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने चांगल्या स्थितीतलं भांडं ठेवावं, ज्याला बिऱ्हाड मांडायचं आहे त्याने वहीत नोंद करून न्यावं, आणि स्वतःचं झालं की परत आणावं किंवा पुढच्याला द्यावं. कुकर ठेवणाऱ्याने नवं गास्केट घालून ठेवावा, ही एकच अट. वही मी सांभाळीन, डब्यांच्या क्रमांकाची जुनी सवय आहे.

आणि त्या कपाटावर एक चिठ्ठी असावी, नेणाऱ्याने आधी ओट्यासमोर उभं राहून हात दुमडून बघावा.

सूचक मी. अनुमोदन कोण देतं? पहिल्या रांगेतून हात वर आला आहे. इतिवृत्तात नोंद करावी, ही विनंती.

पंचवीस वर्षं एका छताखाली राहिलो, एकमेकांच्या घरातल्या फोडणीचे वास ओळखतो. पुढची पंचवीस मी बघेन असं नाही, पण वास यावेत, एवढंच मागतो.